पहिला अर्ज दादांचा

तीन चष्मे परत आले होते. एका महिन्यात तीन. दुकानाच्या साठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि शुक्रवारी दुपारी सगळे मागच्या खोलीत जमले तेव्हा आत्याला खरं म्हणजे त्यावरच बोलायचं होतं. पण सोमवारी उमेदवारीचा अर्ज भरायची शेवटची तारीख, त्यात घरातलाच पोरगा समोरच्या पक्षातून उभा राहिलेला, अशा वेळी चष्म्यांचं कोण ऐकतो? तिने ते तिन्ही चष्मे एका डबीत घातले, डबी मांडीवर ठेवली आणि गप्प बसली. गप्प बसणं हा काही तिचा पिंड नव्हे, म्हणून वहिनीने दोनदा तिच्याकडे वळून पाहिलं.

मागची खोली म्हणजे डोळे तपासायची खोली. एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, बाजूला भिंगांची पेटी, आणि बाकी जागेत चार स्टुलं. पक्षाच्या सगळ्या बैठका इथेच व्हायच्या, कारण पक्ष जन्मला तोच इथे. पूर्वी सरकारी दवाखान्यात तक्ता असायचा तो थोरल्या भाषेतला, म्हणजे राज्यातल्या बहुतेकांच्या. आपल्या म्हाताऱ्यांना ती अक्षरंच यायची नाहीत. दिसत होतं, वाचता येत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे नजर गेली, आणि धडधाकट माणसाच्या नाकावर जाड भिंगं ठेवून द्यायचे. मग आत्याच्या वडिलांनी आपल्या अक्षरांचा तक्ता स्वतः पट्टी घेऊन, शाईने काढला आणि इथे लावला. दारात रांग लागली. रांगेतली माणसं बोलायला लागली, आणि बोलता बोलता पक्ष झाला. लोक आजही त्यांना चष्मेवालेच म्हणतात. निवडणुकीची खूणही चष्माच.

वडील गेल्यावर दुकान तिच्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आलं, आणि पक्षही. आपल्या लोकांसाठी विधानसभेत एकच जागा राखलेली, आणि त्या जागेवर दादा चारदा निवडून गेलेला. आता पाचवी खेप. तो नेहमीप्रमाणे उंच खुर्चीत बसला होता. शेजारी वहिनी विणकाम घेऊन बसली होती. दाराला टेकून त्यांची सून उभी होती, कारण नवरा परगावी भिंगांच्या कारखान्यात आणि दुकानाचा गल्ला हिच्याकडे, त्यामुळे तिचा एक कान सदा बाहेर असायचा.

बाहेर दाराची घंटा वाजली.

"या मंत्रिमंडळ," दादा तिथूनच म्हणाला. "अजून दोन-दोन पायऱ्या चढतोस. तुझ्या बापाचे गुडघे त्यातच गेले."

आत आला तो मधल्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, पोराला दादाने शिकवलं, वकील केलं, आणि तेव्हापासून घरात त्याचं नावच वकील पडलं. सत्तेतल्या पक्षाने गेल्या आठवड्यात त्याला या एका जागेसाठी तिकीट दिलं होतं. त्याने बिस्किटांचा पुडा वहिनीच्या हातात दिला.

"रिकाम्या हाताने आला असतास तरी चाललं असतं," आत्या म्हणाली. "घर फोडायला बिस्किटं कशाला?"

"आत्या, मी घर फोडलेलं नाही. उभा राहिलोय."

"त्यांच्या तिकिटावर."

"त्यांच्या तिकिटावर, पण आपल्या जागेवर. वीस वर्षं आपण विरोधी बाकावर एकटे बसलो. काय मिळालं? रस्त्यावर दोन भाषांतल्या पाट्या आणि अर्धी शाळा. मी सरकारात बसलो तर त्या शाळेला शिक्षक तरी आणीन."

"आणि त्यांनी शाळाच बंद करायची ठरवली तर? तेव्हा पक्षाचा आदेश निघेल आणि तू मुकाट्याने हात वर करशील. मग जागा आपली कसली? माणूस आपला, हात त्यांचा."

"एकट्याने हात वर करून तरी कुठे शाळा वाचली?"

आत्या जास्तच चिडली. पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं होतं.

"भांडा नंतर," वकील म्हणाला. "मी वेगळ्याच कामाला आलोय. काका, हे जरा बघा." त्याने खिशातून घडीचा कागद काढला.

दादाने हात पुढे केला नाही. "वकिलाचा कागद वकिलानेच वाचावा. बोल."

"मी काल अर्जासाठी आपल्या यादीचा उतारा घेतला. त्यात तुमचं नाव नाही. तुमचं नाव सर्वसाधारण यादीत आहे."

खोलीत वहिनीच्या सुया तेवढ्या थांबल्या.

इथे यादीचं सांगायला हवं, कारण आत्याचं निम्मं आयुष्य त्या यादीत गेलं होतं. आपल्या जागेसाठी मत देता येतं ते फक्त आपल्या यादीतल्यांना, आणि उभंही त्यांनाच राहता येतं. दर पाच वर्षांनी यादी नवी होते. प्रत्येकाने अर्जावर आपल्या हाताने खूण करायची, एक चौकट सर्वसाधारण, दुसरी आपली. यादी दहा हजारांच्या खाली गेली की जागाच रद्द. गेल्या खेपेला बारा हजार होते, या खेपेला जेमतेम अकरा. पोरं शहरात नोकऱ्या शोधतात, सर्वसाधारणवर खूण करून मोकळी होतात. आत्या तीस वर्षं दारोदार हिंडून लोकांना अर्ज समजावत आली होती. म्हाताऱ्यांना चौकट दिसायची नाही, तर ती फक्त बोट ठेवायची, "खूण इथे, पण तुमच्या हाताने." दुसऱ्याच्या अर्जावर दुसऱ्याचा हात नको, हा दादाचाच नियम. थोरल्या पक्षाची माणसं पूर्वी म्हाताऱ्यांच्या खुणा परस्पर करून टाकायची, म्हणून केलेला. आणि दर वेळी पहिला अर्ज दादांचा. निवडणूक कचेरीत, लोकांसमोर, कुणाची मदत न घेता तो खूण करायचा आणि स्वतः पेटीत टाकायचा. तो अर्ज कोण कशाला तपासणार?

सुनेने कागद घेतला, वाचला. तिचे कान लाल झाले.

"बाबा, मागे सत्तेतल्या पक्षाचे ते मंत्री आले होते. दार लावून तासभर बसलात. मी विचारलं तर म्हणालात, चष्म्याचं माप घ्यायला आलेत."

"मापच घेतलं."

"तासभर?"

"डोकं मोठं आहे त्यांचं," दादा म्हणाला. कुणी हसलं नाही.

वकील स्टूल ओढून दादाजवळ बसला. "काका, मी हे कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही. तब्येतीचं कारण सांगा आणि उभे राहू नका. सोमवारी तुम्ही अर्ज भरलात तर छाननीत हे निघणारच, आणि मग ते गावभर होईल."

"म्हणजे तुला रान मोकळं," आत्या म्हणाली.

"हो, मला रान मोकळं. नाही कशाला म्हणू? पण काकांची अब्रूही राहील."

"आत्या, तो म्हणतोय ते बरोबर आहे," सून म्हणाली. सकाळी हीच सून वकिलाला चहासुद्धा द्यायला तयार नव्हती. घर फिरलं की वासे फिरतात ते असे. "झाकली मूठ तरी राहील. नाहीतर मला गल्ल्यावर बसून लोकांची तोंडं बघावी लागतील."

"दादा, कचेरीची चूक असेल," आत्या म्हणाली. "दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा अर्ज."

दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले. "कचेरीची चूक नाही. मी मुद्दाम केली खूण."

"काय?"

"कंटाळलो. वीस वर्षं एकट्याने बोलायचं, समोर दीडशे माणसं जांभया देतात. म्हटलं, राहिलेले दिवस सर्वसाधारण माणसासारखे काढावेत. झालं समाधान?"

आत्याला रडू आलं नाही, राग आला. इतका राग की तिला आपले गुडघे आठवले, तीन-तीन मजले चढून झिजलेले. कोणासाठी चढली ती? लग्नाचं वय गेलं, डोक्यावरचे केस गेले, यादीच्या वह्यांची कपाटं भरली, आणि हा म्हणतो कंटाळलो. तिने मांडीवरची डबी उचलून त्याच्यापुढे धरली.

"आणि हे? हेही मुद्दामच?"

"कोणतं?"

"हे काय, समोर धरलंय."

दादा तिच्याकडे बघत होता. म्हणजे तिच्याकडे नाही, तिच्या खांद्याच्या जरा बाहेर. मान एका बाजूला कलती, कोंबडी दाणा बघते तशी. डबी त्याच्या नाकापासून वीतभर होती आणि तो ती शोधत होता.

आत्याने हात खाली घेतला. तिचा राग जागच्या जागी थांबला, आणि डोकं चालायला लागलं. चष्मे परत यायला लागले ते महिन्यापासून. महिन्यापूर्वी दादा अधिवेशनाला गेला असताना सुनेने भिंतीवरचा वडिलांचा तक्ता उतरवला होता, पार पिवळा पडला होता तो, आणि छापखान्यातून नवा आणून लावला होता. अक्षरं आपलीच, क्रम वेगळा. आणि अर्ज? सरकारने या खेपेला अर्ज नवा छापला होता. आजवर आपली चौकट वर असायची, आता ती खाली गेली होती. आत्याने स्वतः शंभर घरांत सांगितलं होतं, बघून करा, चौकट खाली गेली आहे. दादाला सांगितलं नव्हतं. दादाला कोण सांगणार?

"दादा, वाच," ती म्हणाली.

"काय वाचू?"

"समोरचा तक्ता. बसलायस त्याच खुर्चीत, तर वाच. वडील आपल्याला लहानपणी बसवायचे तसं."

"हे काय खूळ?"

"वाच तर खरं."

दादा हसला, खांदे मागे टाकले, आणि त्याने वाचायला सुरुवात केली. मोठं अक्षर, मग दोन, मग चार. एकदाही अडखळला नाही. खालची ओळ, जी भल्याभल्यांना दिसत नाही, तीही त्याने खणखणीत आवाजात म्हटली. एकही अक्षर चुकलं नाही, आणि भिंतीवर त्यातलं एकही अक्षर त्या जागी नव्हतं. तो वडिलांचा तक्ता म्हणत होता. महिनाभर गिऱ्हाइकांनाही त्याच पाठ तक्त्यावरून तपासत होता.

सून दाराजवळून पुढे आली. "बाबा," ती हळू म्हणाली, "तो तक्ता मी काढला. महिना झाला. म्हटलं समोर दिसतंच आहे, सांगायचं काय."

दादाचे हात खुर्चीवरून मांडीवर आले. त्याने विचारलं, "टाकला नाहीस ना?"

"नाही. गुंडाळून कपाटावर ठेवलाय."

"बरं केलंस."

वहिनीने विणकाम पिशवीत घातलं. "दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "मधोमध धुकं, कडेने थोडं दिसतं. सकाळचा पेपर मीच वाचून दाखवते. मला शपथ घातली होती."

"आणि ते मंत्री?" सुनेने विचारलं.

"ते खरंच मापाला आले होते. ह्यांना भिंगावरचे आकडे दिसेनात, म्हणून तासभर लागला."

"वहिनी, मला तरी सांगायचंस," आत्या म्हणाली.

"तुम्हाला सांगायचं म्हणजे दवंडीच की."

हे आत्याला लागलं, पण खोटं नव्हतं.

"कळलं ना आता सगळ्यांना?" दादा म्हणाला. "चष्मेवाला आंधळा. लोक पोट धरून हसतील. पन्नास वर्षं गावाचे डोळे तपासले आणि स्वतःच्या अर्जावरची चौकट दिसली नाही. त्यापेक्षा मी मुद्दाम केलं हेच बरं."

"म्हणजे लबाड म्हटलेलं चालेल आणि आंधळा म्हटलेलं नाही?"

"लबाडाला लोक मतं देतात," दादा म्हणाला.

वकील खुदकन हसला आणि लगेच गंभीर झाला. आत्याही हसली असती, पण तिला भलतंच दिसत होतं. तिने तिचं स्टूल दादाच्या पुढ्यात नेलं, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं.

"हे बघ दादा. तू तब्येतीचं सांगून घरी बस, नाहीतर मुद्दाम केलं म्हण, बातमी बाहेर पडणारच. यादी सगळ्यांना बघायला खुली असते. मग पुढच्या खेपेला मी कुणाच्या दारात उभी राहू? दादाच तिकडे गेले, आपण कशाला थांबायचं, असंच म्हणतील ना? एक हजार गेले की जागा गेली. वकिलाची नाही, माझी नाही, कुणाचीच नाही. तुला लाज वाटते म्हणून अकरा हजार लोकांनी घरी बसायचं का?"

वकीलच बोलला, खाली मान घालून. "आत्या म्हणते ते खरं आहे. मला जागा हवी, पण जागा राहिली तर ना." त्याने घसा साफ केला. "दुरुस्ती करता येते. नजरेमुळे चूक झाली असं शपथपत्र आणि डॉक्टरांचा दाखला. पण दोन्ही कचेरीच्या फळ्यावर पंधरा दिवस लावतात. ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यावी म्हणून."

"फळ्यावर," दादा म्हणाला.

"हो. आणि पंधरा दिवस म्हणजे सोमवार गेलाच. या खेपेला तुम्हाला उभं राहता येणार नाही. नाव तेवढं धुऊन निघेल."

बाहेर घंटा वाजली. सून दारातूनच ओरडली, "आज तपासणी बंद आहे," आणि परत आत आली. एवढ्या वेळात दादाचं काहीतरी ठरलं होतं. वडिलांचंही असंच व्हायचं, आधी कपाळाला आठ्या पडायच्या, मग एकदम कपाळ मोकळं.

"लाव फळ्यावर," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात लाव, म्हाताऱ्यांना वाचता येईल. आणि उभी धाकटी राहील."

धाकटी म्हणजे आत्या. चौसष्टाव्या वर्षीही दादाला ती धाकटीच.

"मी?" आत्या म्हणाली. "मला भाषण येत नाही. चार माणसांपुढे माझी बोबडी वळते."

"तीस वर्षं दारोदार काय केलंस?"

"ते बोलणं होतं."

"मग तिथे जाऊन तेच बोल. दीडशे जण जांभया देतात, घाबरायला जागं कोण असतं?"

आत्याने वकिलाकडे पाहिलं. याला तिने कडेवर घेऊन फिरवलं होतं. "तुला चालेल?"

"मला कशाला चालेल? काकांना हरवणं सोपं गेलं असतं. तुला घराघरात ओळखतात." तो उठला. "मी माघार घेणार नाही, आत्या. आधीच सांगतो."

"घेऊ नकोस. तुझं शाळेचं म्हणणं खरं आहे, ते लोकांपुढे मांड. मी माझं मांडते. उद्या सकाळी गाडी घेऊन ये तेवढी, दादाला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय."

"नऊला येतो."

"साडेआठला. तिथे रांग असते."

सुनेने उमेदवारीचा कोरा अर्ज आणला, जो खरं तर दादासाठी आणलेला होता, आणि त्यावर आत्याचं नाव घातलं. सूचक म्हणून यादीतली पाच माणसं लागत. वहिनीने हात पुढे केला. चाळीस वर्षांत तिने पक्षाच्या बैठकीत चहा देण्यापलीकडे कधी काही केलं नव्हतं. "पहिली सही माझी," ती म्हणाली, आणि चष्मा नाकावर सरकवून सावकाश सही केली.

मग वकिलाने शपथपत्र लिहिलं. विरोधी उमेदवाराने लिहिलेलं, पण अक्षर सुवाच्य, मजकुरात कुठे खोच नाही. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. नजर अधू झाल्यामुळे माझ्या हातून चुकीच्या चौकटीत खूण झाली; मी आपल्याच लोकांतला आहे आणि त्याच यादीत राहू इच्छितो. दादाने ते दोनदा ऐकलं. खाली सहीसाठी जागा होती.

वहिनी त्याचा हात धरायला पुढे झाली. त्याने तो मागे घेतला. "दुसऱ्याचा हात नको," तो म्हणाला. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "धाकटे, बोट ठेव."

आत्याने कागदावर बोट ठेवलं. तीस वर्षं हजारो म्हाताऱ्यांसाठी ठेवलं होतं, तेच बोट, तसंच.

"इथे ना?"

"इथेच. पण तुझ्या हाताने."

"ते मला शिकवू नकोस. नियम माझा आहे."

दादाने तिच्या बोटाच्या कडेला निब टेकवली आणि सही केली. शेवटचा फराटा लांबला, कागद सोडून तिच्या नखावर गेला. शाई पक्की होती, दुकानातल्या नोंदींची. तिने साबण लावला, लिंबू चोळलं, रविवारभर भांडी घासली, तरी निघाली नाही.

सोमवारी दुपारी निवडणूक कचेरीत आत्याने अर्ज पुढे केला. कारकुनाने सह्या तपासल्या, शिक्का मारला, आणि तिच्या बोटाकडे पाहून म्हणाला, "बाई, मतदानाला अजून महिना आहे. बोटाला शाई आत्ताच?"

आत्याने बोट पाहिलं. बाहेर फळ्यापाशी चार-पाच म्हातारे उभे होते. त्यातला एक दादाचं शपथपत्र मोठ्याने वाचत होता आणि बाकीचे ऐकत होते. हसत कुणी नव्हतं.

"आमच्या घरी झालं मतदान," ती म्हणाली. "पावती द्या."